वासाचे वाटेकरी

गुरुवारी दुपारी गुलसूनने बाजारातून मैदा घेतला, सूर्यफुलाच्या तेलाची मोठी बाटली घेतली, तेव्हा तेलवालीने सहज विचारलं, "कुणाचं वर्ष आहे का गं घरात?"

"घरात नाही. ग्रंथालयात," गुलसून म्हणाली, आणि तेलवाली सुटे पैसे हातात धरून बघतच राहिली.

नारिन या डोंगरातल्या किर्गिझ गावात गुरुवारी तेल घेणाऱ्या बाईला हा प्रश्न ठरलेलाच. संध्याकाळी कढई चढवायची, बोर्सोक, म्हणजे मैद्याचे फुगणारे गोळे, तळायचे, खिडकी किलकिली करून वास बाहेर जाऊ द्यायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. गेलेल्यांना घास पोचत नाही, वास पोचतो. वासानेच त्यांचं पोट भरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ग्रंथालयात कढई चढवायची? असलं काही कुणाच्या बापजन्मात घडलं नव्हतं. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

पण ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या गुलसूनचाही नाइलाज होता. राजधानीतून फर्मान आलं होतं: विद्यापीठातले सगळे जुने प्रबंध स्कॅन करून नेटवर चढवायचे, वसंतातल्या नवरोजच्या आत. नाही जमलं तर सगळा संग्रह बिश्केकला जाणार आणि ग्रंथालयाला कुलूप लागणार. जिवंत लेखकाची परवानगी घ्यायची. लेखक मेलेला असेल तर वारसाची. आणि वारसही सापडत नसेल तर तो प्रबंध अनाथ ठरायचा. मग ग्रंथालयानेच त्याला दत्तक घ्यायचं आणि प्रमुखाने पालक म्हणून सही ठोकायची. अनाथांसाठी खिडकीपाशी एक वेगळं टेबल मांडलं होतं. हिवाळाभर त्यावरचा ढीग वाढतच गेला होता.

गुलसूनला ते टेबल बघवत नसे. जाडजूड कापडी बांधणीचे प्रबंध, टंकलेखन यंत्रावर बडवून बडवून लिहिलेले. ते स्कॅनरमध्ये सपाट बसत नाहीत, म्हणून आधी त्यांचा कणा पात्याखाली कापावा लागतो. माणसाने ऐन उमेदीची वर्षं घालून लिहायचं, आणि आपण त्याला न विचारता त्याच्या पाठीवर पातं चालवायचं? शेवटी तिने प्रमुखांना, तुरातबेक अगायना म्हणजे सरांना, विचारलंच.

"अगाय, यांना एकदा विचारायला हवं. तेल तापवून."

तुरातबेक पोट हलवत हसले. "विचार की! मेलेल्यांनी हो म्हटलं तर माझी सही तरी वाचेल. पण प्रबंधावर तेलाचा एक थेंब जरी पडला ना, तर त्याच कढईत तुला तळीन."

चहाच्या खोलीत विजेची शेगडी होती. स्कॅनर चालवणारी जिपार, पंचविशीतली फटकळ पोरगी, बाह्या सावरून पीठ मळायला बसली. ढिगातला सगळ्यात वरचा प्रबंध निळ्या कापडातला होता, नारिन खोऱ्यातल्या झऱ्यांच्या पाण्यावरचा. तो उम्सुनाय एजेंचा होता; एजे म्हणजे मोठी ताई.

उम्सुनाय एजे म्हणजे गुलसूनच्या गुरू. गुलसून डोंगरातल्या खेड्यातून शिकायला आली तेव्हा पायात धड बूट नव्हते. त्या वाईट वर्षांत, जेव्हा प्राध्यापकांनाही पगाराऐवजी मैद्याची पोती मिळत, तेव्हा एजे रोज संध्याकाळी तिला घरी बोलवायच्या आणि ताटात बोर्सोकची रास ओतायच्या. "खा गं. रिकाम्या पोटी डोकं चालत नाही." त्या हातचं खाऊनच ती माणसात आली. पुढे एजे मुलाकडे रशियात गेल्या. त्या रोगाच्या काळ्या उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, की येकातेरिनबर्गच्या इस्पितळात एजे वारल्या. फोन लागेना. मुलाचाही लागेना. गुलसून उशीत तोंड खुपसून रडली होती.

"एजे, खात्री आहे ना तुमची?" जिपारने विचारलं. तरुण पोरी गुलसूनलाही एजेच म्हणत. "एकदा फोन करून बघू या का पुन्हा?"

"मेलेल्या माणसाला फोन कसला करतेस!" गुलसून खेकसली. खरं म्हणजे तिला पुन्हा ती रिकामी घंटा ऐकवणार नव्हती.

तेल तापलं. बोर्सोक फुगून वर आले. गुलसूनने हात पसरले, दुवा म्हटली आणि संगणकाच्या पडद्यावरच्या यादीतली नावं एकेक करून मोठ्याने वाचली. किर्गिझ माणूस वडीलधाऱ्यांचं नाव सहसा तोंडाने घेत नाही. एजेंना ती जन्मभर एजेच म्हणत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्यांचं पूर्ण नाव उच्चारलं आणि तिचा आवाज फुटला. "हा वास तुम्हांला पोचो. तुमचं लिहिलेलं आम्ही पोरकं ठेवणार नाही. ओमीन." दोघींनी तोंडावरून हात फिरवले.

जिपारने एक बोर्सोक उचलला, हुंगला, पुन्हा हुंगला.

"एजे… याला वासच नाही."

"पोचला म्हणायचा," गुलसून म्हणाली, आणि तिला बरंही वाटलं. मग तिने निळा प्रबंध पात्याखाली धरला.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेल आणलं, कारण ढीग निम्माही उतरला नव्हता. दुपार कलली, डोंगराची सावली गावावर उतरली. कोळशाच्या धुराने खिडकी पिवळी पडली होती. वीज मिणमिणत होती. जिपार आत पीठ मळत असताना दाराबाहेर कुणीतरी बुटांवरचा बर्फ झटकला, अगदी बेताने, जणू आत यावं की नाही ते ठरत नव्हतं.

दार उघडलं.

"काय गं भवाने, ओळखलं नाहीस?"

गुलसूनच्या हातातला पियाला खाली पडला आणि फुटला. दारात उम्सुनाय एजे उभ्या होत्या. डोक्याला तीच राखाडी शाल. पण अंगावरचा कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"एजे… तुम्ही… तुम्ही तर…"

"मेले होते, असंच ना? सगळेच म्हणतात. अगं, मेले नव्हते, इस्पितळात फोन चोरीला गेला होता! मुलाने तर दोन वर्षं कुणाशी बोलणंच टाकलंय, त्याला काय विचारता." त्या हसल्या. गुलसूनने धावत जाऊन त्यांचा हात धरला. हात उबदार होता. मनगटाची नाडी उडत होती. ती एजेंच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडली. रडता रडताच तिला नावं वाचल्याचं आठवलं.

तिने चहा ओतला, पाव पुढे केला, जर्दाळूचा मुरांबा काढला. एजेंनी पियाला ओठांना लावला आणि खाली ठेवला. पियाला होता तसाच भरलेला होता.

"नाही जात गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या गुरुवारपासून. सुनेच्या स्वयंपाकघरात बसले होते. खिडक्या बंद, बाहेर बर्फ. आणि एकदम बोर्सोकचा वास आला. आमची सून कसली तळते, तिला पावही कापता येत नाही. पण असा वास, असा वास… की माझं पोट भरलं. त्यानंतर तोंडातला घास नुसता फिरतो, मातीसारखा. गिळला तर परत येतो. म्हटलं, मरायचंच आहे तर नारिनला जाऊन मरू." त्यांनी मान वर केली. "त्या वासात ना, जुन्या कागदाचाही वास होता. म्हणून आधी इथंच आले. तुम्ही इथे काही तळलंत का गं?"

आतल्या खोलीत त्याच वेळी जिपारने पहिला गोळा तेलात सोडला. चुर्र झालं. वास दाराखालून आला. एजेंनी डोळे मिटले आणि लांब, फार लांब श्वास घेतला. त्यांच्या गालांवर रंग चढला. जेवल्यावर माणूस टेकतो तशा त्या खुर्चीला टेकल्या.

दारात पीठभरल्या हातांनी जिपार उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

गुलसून एजेंना आपल्या घरी घेऊन आली. घरी तिची सासू होती, बाताय एने, गुडघ्यांनी अधू पण जिभेने तिखट. तिने मेंढीचं सूप केलं, हाताने लांबवलेल्या शेवया केल्या, कुठून तरी घोडीचं आंबवलेलं दूधही पैदा केलं. एजे प्रत्येक ताटाजवळ बसायच्या, वाकून वास घ्यायच्या, आणि ताट होतं तसंच उठायचं. नंतर ते ताट घरात कुणी खाल्लं तर बेचव लागायचं, पाण्यात भिजवलेल्या कागदासारखं. तेवढ्या वासाने त्या तासभर तरतरीत असायच्या, मग पुन्हा विझायच्या. तीन-चार दिवसांत त्या इतक्या हलक्या झाल्या, की गादीवर बसल्या तरी गादी दबत नसे.

एके सकाळी सासूने गुलसूनला चुलीपाशी गाठलं.

"खरं सांग. काय केलंस?"

गुलसूनने सांगितलं. सासूने कपाळावर हात मारला. "जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घेतलंस! आणि वर तेलाचा वास दिलास! एवढी शिकलीस आणि एक फोन करवला नाही तुला?"

"एने, शिव्या नंतर द्या. आधी सांगा, परत कसं आणायचं? मी त्यांच्या हातचा घास खाल्लाय. त्या अशा माझ्या डोळ्यांसमोर…"

सासूने चुलीतले निखारे मागे ओढले. "माझ्या आजीच्या वेळी एकदा झालं होतं. लढाईवर गेलेल्या माणसाचं. तोच वार, तीच जागा, तीच कढई. सगळी नावं पुन्हा घ्यायची, त्याच क्रमाने. हिच्या नावापाशी आलीस की गप्प राहायचं आणि पुढे जायचं. ते मोजून जेवतात, गुलसून. एक कमी दिसला की विचारतात, कोण राहिलं? त्यांचं विचारणं आपल्याला ऐकू येत नाही. पण त्या वेळी कुणी तोंड उघडायचं नाही. कुणीही. यादीतल्या नावांखेरीज एक शब्द नाही, कढई उतरेपर्यंत."

"आणि उघडलं तर?"

"उघडू नका म्हणून सांगतेय ना!" सासू ओरडली, आणि तिच्या ओरडण्यात राग कमी आणि भीतीच जास्त होती.

तिसरा गुरुवार उजाडला. तुरातबेक अगाय गारठ्याला कंटाळून लवकर घरी गेले. गुलसूनने चहाच्या खोलीत एजेंना भिंतीशी बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली आणि पुन:पुन्हा बजावलं. "काही झालं तरी बोलायचं नाही, एजे. काही दिसलं तरी. काही ऐकू आलं तरी."

"नाही गं बाई. मी काय लहान आहे?" एजे म्हणाल्या. त्यांचा आवाज आता फक्त जवळ गेल्यावरच ऐकू येई.

जिपारने घरी थांबावं असं गुलसूनचं म्हणणं होतं. जिपारने ऐकलं नाही. "त्या दिवशी तळलं कुणी? मीच ना? मग?" असं म्हणून ती ओठ घट्ट मिटून कढईशी उभी राहिली.

तेल तापलं. खोलीत वास भरला, गोडसर, जड. गुलसूनने हात पसरून दुवा म्हटली आणि नावं घ्यायला लागली. दोन-तीन नावं झाली तेव्हा वीज गेली. शेगडीची तार मात्र लालभडक होती आणि तेल उकळतच होतं. ते कसं, हे विचारायला कुणाला उसंत नव्हती. पडदाही काळा झाला होता. पण नावं गुलसूनला पाठ झाली होती. ती थांबली नाही.

प्रत्येक नावाबरोबर खोली भरत गेली. दिसत काही नव्हतं. पण बाक करकरला. मग खिडकीचा कट्टा. कुणीतरी खोकलं, म्हातारं, दबक्या आवाजात. आणि मग तो आवाज सुरू झाला… नाकाने ओढलेल्या श्वासाचा. एकाचा नाही, पुष्कळांचा. सावकाश, तृप्त, एकामागून एक. कढईतला वास विरळ व्हायला लागला.

गुलसून यादीत निळ्या प्रबंधाच्या जागी आली. तिने ओठ मिटले.

सगळे श्वास एकदम थांबले.

तेलाचा आवाजही थांबला. अंधारात सगळी माणसं आपल्याकडे तोंड करून बसली आहेत, वाट बघताहेत, एवढंच गुलसूनला कळलं. एकच क्षण, तिने मनाशी म्हटलं, एकच क्षण आणि पुढचं नाव…

भिंतीपाशी कापड सळसळलं. एजेंच्या अंगाला अगदी खेटून कुणीतरी बसलं असावं, किंवा त्यांचा हात कुणीतरी हातात घेतला असावा. त्या काय होत्या शेवटी, भुकेने अर्धी झालेली एक म्हातारी. अंधारात घाबरलेलं माणूस जे करतं तेच त्यांनी केलं. जिच्यावर भरवसा होता तिला हाक मारली.

"गुलसून…" त्या कुजबुजल्या. "गुलसून, कुठं आहेस गं?"

मोजणी पुरी झाल्यासारखे श्वास पुन्हा सुरू झाले. सावकाश. तृप्त.

गुलसूनने उरलेली नावं घेतली. आवाज थरथरला नाही, कारण थरथरायला आता काही उरलं नव्हतं. "ओमीन," ती म्हणाली. जिपारने चाचपडत कढई उतरवली आणि त्याच वेळी दिवा लागला. खोलीत तिघींखेरीज कुणी नव्हतं. बाकावर मात्र धुळीत बसल्याच्या खुणा होत्या. एकीलाही त्या निरखून बघायचं धाडस झालं नाही.

"भूक लागलीय गं," एजे म्हणाल्या. खणखणीत आवाजात.

त्यांनी बोर्सोक उचलला, तोंडात कोंबला, दुसरा उचलला. तेल हनुवटीवरून ओघळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या खात होत्या. "अगं किती खमंग झालेत! जिपार, सोन्यासारखे हात आहेत गं तुझे! ये गुलसून, खा तूही. रिकाम्या पोटी डोकं चालत नाही."

गुलसून हसली. रडलीही. मग एजेंच्या हातून तिने एक बोर्सोक घेतला आणि खाल्ला. जिपार तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कसा झालाय, एजे?" जिपारने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"छान झालाय," गुलसून म्हणाली आणि तोंडातली माती कशीबशी गिळली.

त्या आठवड्यात उम्सुनाय एजे बाळसं धरल्यासारख्या सुधारल्या. सकाळी पाव-लोणी, दुपारी सूप, रात्री शेवया. बाताय एनेशी त्यांची गट्टी जमली. दोघी चुलीपाशी बसून साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. गुलसून ताट घेऊन कोपऱ्यात बसायची आणि भरलेलं ताट हळूच उचलून न्यायची. एजेंना तिने काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्या पुढच्याच गुरुवारी कढईसमोर जाऊन बसल्या असत्या आणि हट्टाने स्वतःचं नाव घेतलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सासूला मात्र सांगावं लागलं नाही. एका रात्री ती गुलसूनच्या शेजारी येऊन बसली, तिचं मनगट हातात घेतलं आणि बोटांनी त्याची जाडी चाचपत राहिली.

"पुन्हा नावं घेऊ," सासू म्हणाली. "तुला वगळू."

"आणि पुन्हा कुणाच्या तोंडून नाव निघालं तर माझ्या जागेवर कोण बसेल, एने? तुम्ही? जिपार?"

सासूने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

पुढच्या गुरुवारी गुलसूनने ग्रंथालयात तेल तापवू दिलं नाही. टेबलावरचे उरलेले अनाथ तसेच राहिले. तुरातबेक अगाय तणतणले, "आता कुठे गेला तुझा मेलेल्यांचा पुळका?" स्वेटरवर कोट, कोटावर शाल, तरी तिला वारा अंगातून आरपार गेल्यासारखा वाटत होता. संध्याकाळी ती घरी निघाली. बर्फावर पाय पडत होते, पण बर्फ कचकचत नव्हता.

नदीकाठच्या गल्लीत एका घराची खिडकी किलकिली होती. आत कढई चढली होती. ते घर तिच्या ओळखीचं नव्हतं, आत नावं घेतली जात होती तीही तिच्या ओळखीची नव्हती. पण वास आला, आणि तिचे पाय आपोआप थांबले. आठवडाभराची भूक पोटातून उसळून वर आली. नको, नको, असं तोंडाने म्हणत ती खिडकीखाली गेली, भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि लांब श्वास ओढला.

भिंतीलगत अंधारात उभं असलेलं कुणीतरी जरासं सरकलं, आणि तिला जागा करून दिली.